कापसाची आग : मुंबई गोदी, सोलापूरचे माग आणि बंबावरची माणसे

आजचा धागा थोडा लांब आहे. सवडीने वाचावा.

१४ एप्रिल म्हटले की आमच्या सोलापुरात निळे झेंडे, ढोल-ताशे आणि बाबासाहेबांच्या पुतळ्याकडे निघालेला जनसागर डोळ्यांसमोर येतो. त्याच तारखेला सकाळी देशभरच्या अग्निशमन केंद्रांत एक छोटेखानी कार्यक्रम होतो. गणवेशातील जवान रांगेत उभे राहतात, पुष्पचक्र वाहिले जाते, दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते आणि मंडळी पुन्हा आपापल्या पाळीवर रुजू होतात. तेथपासून २० एप्रिलपर्यंत अग्निशमन सेवा सप्ताह चालतो. इतिहासाचा छंद लागून मला बरीच वर्षे झाली, तरी हा दिवस १४ एप्रिललाच का, हे मी कधी विचारले नव्हते. विचारावेसे वाटले ते १८ मे २०२५ नंतर.

त्या रविवारी पहाटे अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ माणसे गेली. त्यांत कारखान्याचे वृद्ध मालक होते, त्यांच्या घरातील माणसे होती, एक तान्हे मूल होते आणि कामगार होते. ही सर्व माणसे तेथेच राहत होती. अग्निशमन दलाचे जवान कित्येक तास झुंजत होते. त्या दिवशी सोलापुरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता : ‘बाहेर का पडता आले नाही?’ प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तराला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात कापसापासून करू.

आपल्याकडे सोलापूर आणि आग म्हटले की गाडी १९३० वर जाऊन थांबते. ते साहजिकच आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यातील उठाव, लष्करी कायदा आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे आमच्या शहराचे दैवत आहे. पण त्याच शहरात रोज, कोणत्याही क्रांतीविना, आगीशी आणखी एक नाते जगले जात होते. रेल्वे आली, मागोमाग १८७७ साली ‘जुनी गिरणी’ उभी राहिली, पुढे आणखी गिरण्या आल्या आणि सोलापूर म्हणजे कापूस हे समीकरण पक्के झाले.

माझे आजोबा एका गिरणीच्या ब्लोरूममध्ये कामाला होते. गिरणीतील सर्वांत धोक्याचे खाते तेच. गाठी तेथे फुटतात, कापूस झोडला जातो, कचरा वेगळा होतो. गाठीला आवळलेल्या लोखंडी पट्टीचा एखादा तुकडा, एखादा खडा कापसाबरोबर यंत्रात गेला की आतल्या फिरत्या दात्यांवर आपटून ठिणगी पडते. हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत असतात. तुळयांवर, दिव्यांवर, पट्ट्यांवर त्यांची मऊ पांढरी साय साठलेली असते. ठिणगी पडली की ज्वाला त्या सायीवरून धावत जाते. आजोबा म्हणत, ‘पोरा, कापूस जळताना आवाज करत नाही.’ ते वाक्य मला लहानपणी गमतीचे वाटे.

त्यांच्या आठवणीतील आणखी एक गोष्ट सांगतो. खात्यातील भिंतीवर लाल बादल्या टांगलेल्या असत, वाळूच्या आणि पाण्याच्या. त्यांचा बूड गोल. जमिनीवर ठेवली की बादली कलंडणार. असे का? सपाट बुडाची बादली असती तर कोणीतरी ती घरी नेली असती किंवा चहाच्या भांड्यांसाठी वापरली असती, आणि ऐन वेळी खुंटी रिकामी दिसली असती. मनुष्यस्वभाव ओळखून केलेली इतकी मार्मिक रचना मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

मुंबईतील जुन्या गिरण्यांचे उंच चौकोनी मनोरे आपण पाहिले असतील. पुष्कळांना ती नुसती शोभा वाटते. वास्तविक अशा मनोऱ्यांच्या माथ्यावर पाण्याची टाकी असे. तेथून नळ छताखाली पसरत, आणि उष्णतेने वितळणाऱ्या धातूचे बूच असलेले फवारे आपोआप सुटत. अमेरिकेत फ्रेडरिक ग्रिनेल याने १८८० च्या दशकात ही युक्ती सुधारली आणि सुती गिरण्यांनी ती सर्वांत आधी उचलली. कारण उघड आहे, त्यांचेच सर्वांत अधिक जळत होते.

आता १८६१ मध्ये जाऊ, लंडनला. टेम्स नदीकाठच्या टूली स्ट्रीटवरील वखारींना २२ जूनला आग लागली. आत कापूस, ताग, चरबी, सोरा. लंडनच्या अग्निशमन दलाचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड स्वतः हजर होता. आधुनिक अग्निशमनाचा पाया घालणारा हा मनुष्य. लांबून पाणी उडवत बसू नका, आत शिरून आगीच्या मुळावर पाणी मारा, ही शिकवण त्याची. वखारींच्या दालनांमध्ये लोखंडी दरवाजे हवेत, असाही त्याचा आग्रह असे. टूली स्ट्रीटला तसे दरवाजे बसवलेलेही होते. आग लागली तेव्हा ते उघडे राहिले होते. थकलेल्या जवानांना ब्रँडीचा घोट वाटत असताना एक भिंत कोसळली आणि ब्रेडवुड तिच्याखाली गेला. आग सुमारे दोन आठवडे धुमसत राहिली. विमा कंपन्यांचे दिवाळे वाजायची वेळ आली, कारण तोवर लंडनचे अग्निशमन दल त्याच कंपन्या चालवत होत्या. त्यांनी हात वर केले आणि १८६५ च्या कायद्याने ते काम सार्वजनिक व्यवस्थेकडे आले. आग विझवणे हे नगराचे कर्तव्य आहे, हा विचार आपण गृहीत धरतो. तोही असा भाजून निघालेला आहे.

आपल्याकडे काय होते? १७ फेब्रुवारी १८०३ च्या आगीत मुंबईच्या कोटातील मोठा भाग भस्मसात झाला आणि वस्ती कोटाबाहेर सरकू लागली. पुण्यात २७ फेब्रुवारी १८२८ रोजी शनिवारवाडा पेटला. आज आपण हौसेने ज्याची छायाचित्रे काढतो ते दगडी जोते म्हणजे त्या आगीने शिल्लक ठेवलेला भाग होय. मुंबईत अग्निशमनाचे काम बराच काळ पोलिसांकडे होते, १८८७ मध्ये ते नगरपालिकेकडे आले.

जाता जाता एक शब्द. ‘बंब’ हा पोर्तुगीज ‘बोंबा’ म्हणजे पंप या शब्दावरून आलेला. मराठी घरात मात्र बंब दोन. एक न्हाणीघरातला तांब्याचा, ज्याच्या पोटात विस्तव आणि भोवती पाणी. दुसरा रस्त्यावरचा लाल, ज्याच्या पोटात पाणी आणि भोवती विस्तव. भाषेने हा विनोद मुद्दाम केला नसावा, पण मला तो आवडतो.

आता १४ एप्रिल १९४४.

‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज इंग्लंडहून निघून कराचीमार्गे मुंबईस आले आणि व्हिक्टोरिया गोदीत लागले. महायुद्ध चालू होते. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता, लंडनहून पाठवलेल्या सोन्याच्या विटा होत्या, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी. शिवाय तेल, लाकूड, गंधक, राळ. कापूस आणि स्फोटके एकाच तळघरात, खाली कापूस आणि वर स्फोटके. शांततेच्या काळात असा माल असलेल्या जहाजावर लाल निशाण लावावे लागते. या जहाजावर ते नव्हते.

दुपारी दोनच्या सुमारास तळघरातून धूर दिसला. कारण म्हणून पुढे कोणीतरी टाकलेल्या जळत्या सिगारेटकडे बोट दाखवले गेले. मुंबई अग्निशमन दल आले, प्रमुख नॉर्मन कूम्ब्स आले. ज्यांनी गाठीतील कापसाची आग पाहिली आहे त्यांना पुढचे सांगावे लागणार नाही. दाबून बांधलेली गाठ बाहेरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. पाणी पृष्ठभागावरून ओघळून जाते. ती फोडून, उपसून, मूठ-मूठ कापूस वेगळा करूनच विझवावी लागते. येथे तर गाठी जहाजाच्या पोटात, धुराखाली, नजरेआड. जवान पाणी ओतत राहिले, नऊशे टनांहून अधिक. तळघरातले पाणी उकळू लागले. त्यातच एक क्रूर योगायोग : पाण्यावर कापूस तरंगतो. जितके पाणी वाढले तितका पेटता थर वर, स्फोटकांच्या दिशेने सरकला.

वर गोदीत वरिष्ठांची खल चालू होती. जहाज बुडवावे की समुद्रात ओढून न्यावे? कोणाचे ऐकावे? खाली जहाजाचा पत्रा लाल होत चालला होता आणि नळी धरलेली माणसे तेथेच होती. त्यांच्यापैकी किती जणांना आपण कशावर उभे आहोत हे ठाऊक असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. गोदीतील घड्याळ त्याच वेळेवर थांबले. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, अधिक मोठा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. मुंबईवर पेटता कापूस, लोखंड आणि लाकूड यांचा पाऊस पडला. दहाहून अधिक जहाजे नष्ट झाली, वखारी, धान्याची कोठारे, आसपासच्या वस्त्या जळाल्या. नोंदलेले मृत सातशेहून अधिक आहेत. ज्यांची नावेच कोणाकडे नव्हती अशा हमालांचा, मजुरांचा हिशेब कोण ठेवणार? आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. युद्धकालीन बंधनांमुळे सविस्तर बातम्या छापायला वृत्तपत्रांना मे महिना उजाडावा लागला.

त्या दिवशी मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. १४ एप्रिल ही तारीख तेथून आली. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे. माझ्यासारखे इतिहासवेडे लोक मुंबईत गेले की किल्ले, लेणी, दीपगृहे धुंडाळतात; भायखळ्याला जाण्याचे मनात आले नाही, याची मला आता लाज वाटते.

ही कथा ‘पूर्वीची’ म्हणून मिटवता येत नाही. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. रहिवाशांना बाहेर काढले गेले, त्यानंतर इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई त्याच दिवशी गेले. गंभीर भाजलेले सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांनी पुढच्या काही दिवसांत रुग्णालयात प्राण सोडले. चौघेही अधिकारी. अधिकारी मागे राहून हुकूम देतात, अशी आपली कल्पना असते. ब्रेडवुडपासून नेसरीकरांपर्यंत या खात्याची रीत वेगळी दिसते.

आणि आता माझी गल्ली.

मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो. तेलुगू बोलणारे विणकर शेजारी, पहाटेपासून मागांचा खडखडाट, दारात वाळत घातलेले रंगीत सूत. हातमागाच्या काळात घर आणि माग एकाच छपराखाली असणे स्वाभाविकच होते. खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर, त्याला कांड्या भरून देणारी घरची बाई, पलीकडे चूल. दार रस्त्याकडे सताड उघडे. आग लागलीच तर चार पावलांवर अंगण. पुढे यंत्रमाग आले, विजेच्या तारा आल्या, चादरीबरोबर टॉवेल आले, मालाचे ढीग वाढले, घरे वरच्या मजल्यावर चढली. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा कापूस शहरातून गेला नाही. तो गल्लीबोळांतील आणि वसाहतींतील शेडमध्ये विखुरला. गिरणीबरोबर तिचा घंटानाद, लाल बादल्या आणि टाकीचा मनोरा मात्र संपला. घर आणि माग एकत्र ठेवण्याची जुनी सवय तेवढी मागे राहिली. चोरीच्या भीतीने खिडक्यांना जाळ्या बसल्या, पुढे लोखंडी शटर आले. ‘बाहेर का पडता आले नाही’ याचे उत्तर प्रत्येक आगीत वेगळे असेल. पण शहराने ही घरे कशी रचत आणली, हे ठाऊक नसेल तर प्रश्नही नीट विचारता येणार नाही.

मी आठवी-नववीत असताना आमच्या गल्लीच्या टोकाला एका शेडला आग लागली होती. रात्रीचे अकरा असतील. कोणी सूत ओढत होते, कोणी पाण्याच्या घागरी आणत होते, आणि सर्व जण एकमेकांवर ओरडत होते. बंब गल्लीत शिरेना, कारण दोन्ही बाजूंना दुचाक्या लावलेल्या. लोकांनी त्या उचलून बाजूला फेकल्या. त्यांत माझ्या वडिलांचीही होती, आणि ती तेथे मीच लावली होती.

बंबात साधारण साडेचार-पाच हजार लिटर पाणी असते. एका नळीतून मिनिटाला चारशे-पाचशे लिटर जाते, म्हणजे हिशेब दहा मिनिटांचा. पुढे टँकरच्या फेऱ्या. ज्या शहरात उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवसांआड पाणी येते, तेथे या दहा मिनिटांचा अर्थ काय, हे सोलापूरकराला समजावण्याची गरज नाही. जवान आत शिरतो तेव्हा पाठीवरच्या नळकांड्यातील हवा त्याला अर्धा-पाऊण तास पुरते; संपत आली की शिट्टी वाजते. ज्वालेपेक्षा धूर अधिक माणसे मारतो. आणि तापलेल्या बंद खोलीत मारलेल्या पाण्याची वाफ मूळ आकाराच्या सुमारे सतराशे पट फुगते, ती परत अंगावर येते. हे सारे मला पुष्कळ नंतर कळले. त्या रात्री मला इतकेच दिसले की एक जवान बाहेर येऊन ओट्यावर बसला, शिरस्त्राण काढले आणि बराच वेळ खोकला. आईने त्याला तांब्याभर पाणी दिले. अर्धे तो प्यायला, अर्धे तोंडावर मारले आणि ‘ताई, अजून गाठी फोडायच्यात’ असे म्हणून पुन्हा आत गेला. पहाटेपर्यंत ते लोक विझलेला माल उपसत, भिजवत होते. बघ्यांपैकी बहुतेक जण तोवर झोपायला गेले होते. मीही.

त्याचे नाव आम्ही विचारले नाही.

आता कायद्याकडे. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. त्याखाली येणाऱ्या इमारतींत आगीची यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, परवानाधारक संस्थेचे तसे प्रमाणपत्र द्यावे लागते. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा विषय नागरी संस्थांच्या यादीत आहे. कागद वाईट नाही. पण कागदावरची लाल बादलीही सपाट बुडाचीच निघते. लोक ती दुसऱ्या कामाला वापरतात.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. आमच्या काकांची स्वतःची शेड आहे, बारा मागांची. मागील दार सुताच्या पोत्यांनी वर्षानुवर्षे बुजलेले. रात्रपाळी संपली की शटरला बाहेरून कुलूप, आणि आत दोन कामगार झोपलेले. किल्ली काकांच्या उशाखाली, तीन गल्ल्या पलीकडे. मी त्या शेडमध्ये लहानाचा मोठा झालो, सुताच्या ढिगावर झोपलो, आणि ब्रेडवुडचे लोखंडी दरवाजे पुस्तकात वाचताना मला ते मागील दार एकदाही आठवले नाही.

१८ मे नंतर चौथ्या दिवशी मी काकांकडे गेलो. वाद झाला. ‘सूत चोरीला गेले तर तू भरून देशील का?’ हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. एका पोत्याची किंमत मलाही ठाऊक आहे. मी १९४४ ची गोष्ट सांगू लागलो तर म्हणाले, ‘इतिहास पुरे, पोती कोण उचलणार ते सांग.’ मग आम्ही दोघांनी आणि त्या दोन कामगारांनी मिळून दिवसभर पोती हलवली. दार उघडले तेव्हा बिजागऱ्या गंजलेल्या निघाल्या. सुतार बोलवावा लागला. अग्निशामक नळकांडे भिंतीवर होते, त्याची मुदत कधीच संपली होती. नवे घेतले. शटरला आता आतून कडी आहे आणि किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर लटकते.

जिन्यावरचा माल अजून हललेला नाही. काका म्हणतात, दिवाळीची मागणी उरकू दे. पुढच्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे.